थकबाकी

वर्षभर मी त्यांना आकड्यांनी ओळखते.
फी विभाग, खिडकी नंबर तीन, काचेला एक गोल भोक,
भोकातून आवाज आत येतो, पावती बाहेर जाते.
डेव्हिऑन प्रेलो : अकराशे चाळीस डॉलर, नोटीस दुसरी.
"पुढच्या शुक्रवारी, मॅडम, देवाशप्पथ."
असे कितीतरी पुढचे शुक्रवार
माझ्या खणात पडून आहेत.

आज शनिवार. खिडकी बंद.
ऑरेंजबर्गच्या रसेल स्ट्रीटवर उजाडल्यापासून
तेलात मासे तडतडतायत,
फुटपाथवर घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांवर सत्तरीतल्या बायका
नखशिखांत कॉलेजच्या रंगात,
एकमेकींना अजून वसतिगृहातल्याच नावांनी हाका मारणाऱ्या.
काठी टेकत आलेले म्हातारे काठी उगारून
पायांनी जमीन वाजवतात : चार ठोके, एक टाळी,
गुडघ्यांचं सोमवारी बघू.

होमकमिंग. मराठीत काय म्हणू याला?
घरवापसी नको, त्या शब्दाला भलताच वास लागलाय.
माहेरपण म्हणते.
फरक इतकाच, की इथं पुरुषांनाही माहेर असतं.
बाकीची दारं यांच्या तोंडावर लागत होती
तेव्हा हे एक दार उघडं होतं, इतकंच.
तेवढ्यासाठी डेट्रॉइटहून रात्रभर गाडी हाकत येतात
आणि उतरल्या उतरल्या विचारतात, बँड कुठवर आलाय?

मग लांबून ते येतं.
आधी कानात नाही, पोटात.
मग वळणावर पितळेचे वीस सूर्य, सूझाफोनचे,
टिकल्यांचे पोशाख, उन्हाला उलट टोमणे मारणारे,
आणि सगळ्यांपुढे ड्रम मेजर, मागे झुकतो, अजून झुकतो,
टोपीचा तुरा डांबराला टेकतो
आणि पोरगा मोडत नाही.
मला वाटलं होतं, ढोल-ताशा आठवेल.
नाही आठवला. काहीच आठवलं नाही.
मी तिथंच होते.

अचानक दंडा वर. सगळं थांबलं.
दोनशे तोंडांवरून पितळ खाली आलं.
कोपऱ्यावरच्या चर्चसमोर लांब काळी गाडी.
लेम्युएल ग्लोव्हर, न्हावी. एकोणसाठ वर्षं
याच बँडच्या पोरांच्या माना कोरत आलेला.
परेडच्या आदल्या रात्री दुकान उघडं,
पैसे असले तर द्या, नसले तर मान सरळ धरा.
आता फक्त बूट वाजत होते. डावा, उजवा, डावा.
एकाची झांज चुकून किणकिणली,
त्यानं ती घाईनं पोटाशी धरली, तान्ह्या बाळासारखी.
अकराशे चाळीस.

चर्चचं दार उघडलं.
पायरीवर अर्नेस्टाइन ग्लोव्हर, काळी हॅट परातीएवढी.
"का रे थांबलात?" ती कडाडली.
"आत पाद्री चाळीस मिनिटं बोलतोय, जीव गेला माझा!
त्या माणसानं तुमची डोकी फुकट केली.
फेडा त्याची उधारी! मोठ्यानं!"

ड्रम मेजरनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.
शिट्टी. चार वेळा.
आणि काय वाजलं ते मी कसं सांगू,
रेडिओवरचं एखादं जुनं, ओलसर प्रेमगीत असावं,
त्याला दोनशे फुप्फुसं फुटलेली.
मासे तळणारी झारा हातात घेऊन रस्त्यात आली.
खांदेकरी दारातच उभे, पांढऱ्या हातमोज्यांची बोटं
मांडीवर ताल धरून.
अर्नेस्टाइनची हॅट जराही हलली नाही.
खाली खांदे मात्र नाचत होते.

सोमवारी डेव्हिऑन येईल. हाताला झांजेचे वळ.
"पुढच्या शुक्रवारी, मॅडम."
मी तिसरी नोटीस काढीन, पगार त्याचाच घेते.
पण तो वळला की मानेवरची रेघ बघीन,
अजून कोरीव आहे का,
आणि भोकाशी तोंड नेऊन विचारीन,
आता केस कुणाकडे कापतोस रे?