युरोप दुरुस्ती

शाळेच्या जुन्या खर्चवहीत
एक नोंद अजून वाचता येते :
‘युरोप दुरुस्ती. तेलरंग पाव शेर, ब्रश एक.
एक रुपया दोन आणे.’
खाली माहुरकर मास्तरांची सही,
बाजूला हेडमास्तरांचा शेरा : ‘वारंवार होते. का?’

लष्करात, जनकगंजाच्या अंगाला आमची शाळा.
पाणपोईमागच्या भिंतीवर छत्तीस साली
मास्तरांनी युरोप काढला, दोन पुरुष उंच.
इटलीचा बूट आमच्या टोप्यांना लागायचा.
नॉर्वे शिडीशिवाय कुणाला धड दिसला नाही.

अडतीसच्या मार्चात ऑस्ट्रिया गेला.
(हे ऐकलेलं. मी तेव्हा पाळण्यात.)
रविवारी मास्तर एकटेच आले म्हणे,
रेघ खरवडली, वरून रंगाचा हात दिला.
वर्ष-दीड वर्षात पोलंड.
मग एका उन्हाळ्यात बाल्टिकचे तिघे, एकदम.
तेव्हापासून मास्तरांनी तेलरंग सोडला,
काजळीत डिंक खलून हद्दी ओढू लागले.
‘ओल्या फडक्यानं पुसता यायला पाहिजे,
तिकडच्या लोकांचा भरवसा नाही.’

समोरच्या भिंतीवर हिंदुस्थान होता.
त्यात आमचं ग्वाल्हेर, पिवळं,
आणि त्याची रेघ मात्र तेलरंगात.

मी पाहिलेला युरोप पोपडे धरलेला,
एका देशाच्या पोटातून दुसरा डोकावणारा.
अठ्ठेचाळीसचा फेब्रुवारी असेल.
मास्तर छडी फिरवत सांगत होते,
पोलंड उचलून पश्चिमेकडे सरकवला,
गळतीखालची खाट सरकवावी तसा.
तिथले जर्मन गेले. लाखो.
छडी पुढे निघाली, चेकोस्लोव्हाकियाकडे,
तर मागच्या बाकावरून हुंदराज उठला.
सक्करहून आलेला, धर्मशाळेत राहणारा,
अंगात कुणाच्या तरी मोठ्या भावाचा कोट.
‘मास्टरजी, पैदल गए या गाडी से?’
मास्तर थांबले.
‘और भैंस? भैंस किसको दी?’

वर्ग हसला. मीही.
मास्तरांनी पुस्तक उघडलं,
दोन पानं पुढे, चार मागे,
मिटलं.
‘लिहिलेलं नाही,’ म्हणाले.
घंटा व्हायला वीस मिनिटं होती.
ती त्यांनी तशीच जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी ओडर नदीपाशी
अंगठ्याएवढी म्हैस होती.
शिंगं आपल्याकडची, मागे वळलेली.
मी थुंकी लावून बोट घासून पाहिलं.
काजळी नव्हती.

त्याच उन्हाळ्यात हुकूम आला,
समोरचं ग्वाल्हेर काढायचं,
आता मध्यभारत म्हणायचं.
शिपाई घमंडीलाल फडकं घेऊन गेला, परत आला :
‘मास्टर साब, ये तो छूटता ही नहीं।’
लू वाहत होती, शाळेला सुट्टी लागलेली,
मास्तर पत्र्याच्या पट्टीनं खरवडत बसले.
आठ दिवस लागले.
वहीत त्याचा खर्च कुठं सापडत नाही.

नव्वदच्या ऑक्टोबरात दोन्ही जर्मनी जुळले,
तेव्हा पेपर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो.
ऐंशीचे मास्तर, डोळ्यांत मोतीबिंदू.
मथळा मोठ्यानं वाचला.
भिंत पडली, हद्द गेली, लोक नाचले वगैरे.
ऐकून घेतलं. मग म्हणाले,
‘ती म्हैस आहे का रे?’

भिंत बहात्तर सालीच पाडली होती,
तिथं आता सायकल स्टँड आहे,
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.
‘आहे,’ म्हणालो.
‘कुणाच्या हद्दीत?’
परीक्षेत सुचलं नाही इतकं पटकन सुचलं :
‘नदीत, मास्तर. पाण्यात बसलीय.’
‘मग राहू दे,’ म्हणाले,
‘उठवू नका तिला.’