मुंढा

लिमा, गामारा बाजार, तिसरा मजला.
खिडकीत धुकं, कधीच न बरसणारं.
युडोसिया म्हणाली, पट्टी गळ्याहून आखूड काप,
चांगली चार बोटं.
ताणायची ती पट्टीच. गळा ओढू नकोस.

मी गळाच ओढला.
कडेला लाटा उठल्या, कोबीच्या पानासारख्या.
तिने उसवायची सुई माझ्याकडे सरकवली
आणि रेडिओ मोठा केला.

दुसऱ्यांदा वाफ दिली, वर तळवा दाबून धरला.
कापड निमूट बसलं.
डोकं शिरलं की गळा पास,
म्हणत तिने तो स्वतःच घालून पाहिला.
डोकं शिरलं.
उजवा हात मात्र मुंढ्यात अडकला,
अर्ध्यावर, कोपरात मुडपलेला.
एकतीस वर्षं ओव्हरलॉकवर. खांदा आता
टेबलाच्या वर जात नाही.
"कापडात ताण नाही," ती म्हणाली.

ती जेवायला गेली तेव्हा
मी दुसरा कापला,
मुंढा दोन बोटं खोल.
तिथे पट्टी जेमतेमच ताणली,
नाहीतर काखेत चुण्या पडतात.

संध्याकाळी तिचा हात एका दमात शिरला.
"बघ," ती म्हणाली, "हे ठाण चांगलं आहे."

दोन्ही एकाच ठाणातले.
मी कातरण गोळा करत राहिले.