सात मिनिटांचा रंग

आमच्या बेटावर झाड नाही.
फुलं येतात ती नखाएवढी, तीही जुलैत.
म्हणून मला गिऱ्हाईक रंग सांगतं ते असं:
सीलच्या काळजासारखा दे,
डिझेल सांडलेल्या पाण्यासारखा,
भावाच्या जुन्या अनोरकसारखा, तू पाहिलाय ना तो?
मी डबे उघडतो, काठीनं ढवळतो,
आणि बहुतेक वेळा चुकतो.

पूर्वी सोपं होतं.
रंग जहाजातून यायचे, सोबत हुकूम:
दुकान लाल, दवाखाना पिवळा,
मासळीचा कारखाना निळा,
वायरलेसवाल्याचं घर हिरवं.
अक्षरओळख नसलेला माणूसही
कापलेला हात घेऊन नेमका पिवळ्या दाराशी पोचायचा.
मी पिवळ्यात जन्मलो,
लालमध्ये उधारी केली,
निळ्यात अठरा वर्षं हॅलिबट सोलले.
हिरव्यात गेलो एकदाच,
वडिलांच्या होडीची काही बातमी आहे का
विचारायला.
तो हिरवा मी आजही कुणाला विकत नाही.
डबा संपलाय, म्हणतो.

आता हुकूम नाही. हवा तो लावा.
पोरं फोनवर फोटो दाखवून वांगी रंग मागतात.
उन्हाळ्यात मोठ्या बोटीवरून पाहुणे उतरतात,
आमच्या उतारावरची घरं बघून
खडूंची पेटी, खडूंची पेटी करतात,
चाळीस मिनिटं हिंडतात. बरी माणसं असतात.
नोव्हेंबरात कुणी येत नाही.
नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य डोंगरामागे बसतो तो बसतोच,
मग लाल काय, निळं काय,
खिडक्या तेवढ्या पिवळ्या, बाकी गाव एकाच डब्यातलं.

त्या काळोखात तबीथे आली.
म्हातारी म्हटलेलं तिला चालत नाही;
बहात्तरची आहे, दातांत शिवणाची सुई.
"सूर्य परत येतो त्या दिवसाचा रंग हवा. घराला."
"म्हणजे आकाशाचा? की बर्फाचा?"
"येईल तेव्हा बघ की."

जानेवारी. सारं गाव टेकडीवर.
पोरांच्या डोक्यांवर पुठ्ठ्याचे पिवळे मुकुट,
उणे सव्वीस,
माझ्या कोटाच्या आत तीन डबे,
गोठू नयेत म्हणून पोटाशी धरलेले.
शाळेतल्या नुकाकानं गाणं सुरू केलं,
दुसऱ्याच ओळीला ती थांबली.
आला.
कडेवर एक सांडलेला थेंब, बस.
मी फळीवर फटकारा मारला: जर्द.
दुसरा मारला: फिका.
तिसऱ्यासाठी झाकण उघडेपर्यंत
सात मिनिटं झाली होती.

लोक कॉफी प्यायला खाली गेले.
मी फळी घेऊन तबीथेकडे.
"हा नाही. हा नाही. हा तर मुळीच नाही.
तू सूर्याकडे बघत होतास, आयसाक.
मी सूर्याकडे पाठ करून
तुमच्या तोंडांकडे बघत होते."

थंडीत रंग वाळत नाही. विषय राहिला.
जुलैच्या शेवटी मासे नदीत चढले तेव्हा
ती एक भलामोठा मासा घेऊन आली,
माझ्या डब्यांशेजारी ठेवला
आणि पोटावर बोट टेकवलं.
"इतका. नाही, याहून जरा विटका.
माणसाला वर कातडी असते."

रात्र नसलेल्या सहा रात्री रंगवत होतो.
डास डब्यात पडले,
ते भिंतीत तसेच आहेत.
ती दगडावर बसून बघत होती.
शेवटी म्हणाली, "थोडं तांबडं जास्त झालं,"
आणि पैसे मोजून पूर्ण दिले.

परवा, पुन्हा अंधार पडल्यावर,
तिच्या घरावरून चाललो होतो.
कपाळावरच्या दिव्यात एक फळी उजळली,
मग शेजारची, तिच्यावर एक डास.
मान वळवली, काळं.
पुन्हा वळवली.
तेवढ्यात खिडकी उघडली.
"कोण आहे ते? एक तर दिवा विझव,
नाहीतर आत ये!"