कूस

सकाळची घाटंजीची गाडी फाट्यावर हारन देते
तवा तुले डाव्या कुशीवर करतो.
शाळेची मधली सुट्टी, पोरं हापशीवर भांडतात,
तवा उजव्या.
मंग पाठीवर. मंग पुन्हा डावी.
घड्याळ आहे भिंतीवर, पन त्याचा सेल
मी तुह्या रेडिओत टाकला.

रात्रीचं सोपं आहे.
बारा वाजता थ्री फेज येते,
ठमकेच्या वावरातली मोटर घुरघुरते, मी उठतो.
दोन वाजता काही येत नाई.
दोनले मी आपसूकच उठतो.
बंडीवानाची झोप तशीबी कच्ची,
एक कान रस्त्यावर.

चाळीस वर्सं बंडी हाकली, पंचफुला.
सरकीचे पोते, इटा,
एकदा तर नाल्याच्या पुरातून अख्खी वरात.
पन मानसाचं अंग कसं उचलाव
हे मले उईके सिस्टरनं शिकवलं, चादर धरून.
"ओढू नका काका, कातडी घासते.
दोघं मिळून उचला."
दुसरा कोठून आनू?
आता शेजारचा प्रफुल्ल येतो,
मोबाईलची बत्ती दातात धरून.

तुह्या माकडहाडावर लाल ठिपका दिसला, बोराएवढा.
मी तेलाची वाटी घेऊन बसलो चोळाले.
खैऱ्याचा खांदा आला होता तवा
असाच चोळला होता रातभर.
सिस्टरनं हात धरला.
"लाल आहे तिथं चोळायचं नाही.
बोटानं दाबून पाहा.
पांढरं होऊन परत लाल झालं, तर वेळ आहे अजून.
नाहीच झालं पांढरं, तर मला फोन करा,
रात्र असली तरी."

दाबलं.
पांढरं झालं.
मंग हळूच लाल.
मी बाहेर जाऊन बिडी पेटवली
अन् तशीच विझू देली.

तवा कळलं, खैऱ्याचा खांदाबी
माह्या तेलानं नव्हता बरा झाला.
बंडी महिनाभर उभी होती, म्हनून झाला.
जू उतरलं होतं, एवढंच.
तुह्या मानेवर जू नाई.
तुहं वजनच तुहं जू,
अन् ते उतरवाव कोठी?
या खुब्यावरून त्या खुब्यावर सरकवतो फक्त.
खांदेपालट म्हनतात त्याले.
दुसऱ्या कामातबी म्हनतात,
ते सोड.

कोमट पान्यानं पुसतो, कढत नाई.
टिपतो, घासत नाई.
अंग ओलसर असतानाच तेल.
हिवाळ्यात तुह्या पिंडऱ्या अशा कोरड्या
का नखानं रेघ ओढली तर पांढरी उठे,
पाटीवर उठते तशी.
एकदा मी तुहं नाव लिवलं.
तू पाहत होती.
तेलाचा हात फिरवला, पुसून गेलं.
तसंबी "फु" चुकला होता.

चादरीची चुनी, भाकरीचा चुरा,
सगळं हात फिरवून पाहतो.
एका राती बांगडी बरगडीखाली राहिली,
सकाळी तिचा गोल वळ.
बांगड्या मी काढल्या.
तू दोन दिवस बोलली नाई.
मंग प्रफुल्लची माय आली,
दोन्ही मनगटाले हिरवा दोरा बांधून गेली,
मऊ, सैल.
मले हे सुचलं नसतं.

आज खांदशेकनी.
खैऱ्या गेला, मोऱ्या एकटाच उरला, म्हातारा.
पळसाच्या पानानं त्याचा खांदा शेकला,
लोनी लावलं, हळद लावली, म्हटलं,
आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.
वाटीत बोटभर लोनी उरलं, बिनहळदीचं.
उशीच्या काठावर अधांतरी ठेवलेली तुही टाच,
तिले लावलं
अन् तेच म्हटलं, हळूच,
प्रफुल्लले ऐकू जाऊ नये म्हनून.

तू डोळे उघडले.
शब्द जुळवाले येळ लागला तुले,
भरल्या बंडीले चढावर लागते तेवढा.
"मंग… शिंगंबी… रंगव."

ठमकेची मोटर सुरू झाली.
डावी कूस.