दुसरी टाकी

काटा अर्ध्यावर आहे.
टाकी भरा, टाकी सुकवा, काटा अर्ध्यावर.
ऑर्व्हल हॉग्सेथही असाच होता, व्हर्लिन म्हणतो,
ताकास तूर लागू न देणारा.

जॉर्डन गावात सुट्या भागांचं एकच दुकान.
व्हर्लिन बोटाला थुंकी लावून जाड पुस्तक उलटतो:
अठ्ठ्याहत्तरची पिकअप. सोळा गॅलन असेल. एकोणीसही असेल.
लांबडा सांगाडा असला तर मागे आणखी एक,
पण ती हौसेची, जास्तीचे पैसे मोजून.
'मोजले असतील तुझ्या बापानं?'
आम्ही दोघंही हसलो.
वापरलेली चहाची पुडी वाळत घालणारा माणूस.

तरी डॅशबोर्डवर ते बटण आहे,
पुढे ढकला, मागे ढकला,
एका बाजूचा रंग अंगठ्यानं पार उडालेला.

म्हणून फेब्रुवारीत, पाठीखाली पुठ्ठा घेऊन,
मी टेपनं टाकी मोजते आहे.
एकतीस इंच, तेरा इंच, अकरा.
गुणायचं, मग दोनशे एकतीसनं भागायचं,
तेवढे घन इंच एका गॅलनात मावतात.
एकोणीस आणि चिल्लर.
कोपरे गोल आहेत, पोटाला पोचा आहे: अठरा धरू.
नाक गळतंय. पुसायला हात मोकळा नाही.

मागे, आसाच्या पलीकडे, टाकी नाही.
दोन पट्टे लोंबतायत, करवतीनं कापलेले,
आणि एक नळी, तोंडात चिंधी कोंबलेली.

म्हणजे मोजले होते पैसे.

कप्प्यातल्या वहीत तारीख, मैल, गॅलन.
ब्याऐंशी साल: चौतीस. चौतीस. तेहेतीस.
समोर पेन्सिलीनं एकच शब्द, बिलिंग्ज,
पानभर, खाली खाली.
जायला पावणेदोनशे मैल, यायला तेवढेच,
आणि रात्री आठनंतर वाटेत एकही पंप उघडा नसायचा.
दवाखान्यातून निघाल्यावर आईला थांबणं सोसायचं नाही,
गाडी थांबली की उलटी.
मी मधे, दोघांच्या मांड्यांवर आडवी.
राउंडअपच्या अलीकडे इंजिन खोकायचं,
बाप रस्त्यावरची नजर न काढता बटण ढकलायचा,
एक, दोन, तीन,
आणि गाडी पुन्हा ओढ घ्यायची.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरनंतर
कधी बारा, कधी नऊ. समोर काही नाही.

व्हर्लिन सांगतो, माइल्स सिटीच्या भंगारात एक आहे,
नव्वद डॉलर म्हणतोय, सांगू का ठेवायला?
बघू, म्हणाले. आधी आहे ती किती पिते ते कळू दे.

टाकी तोंडापर्यंत भरली. मागे हौद्यात
पाच-पाच गॅलनचे चार डबे, दोरीनं आवळलेले.
दोन दिवस चालवली, कामाशिवाय,
पेट्रोलचे भाव बघता शुद्ध वेडेपणा.
सँड स्प्रिंग्ज ओलांडल्यावर ती खोकली.
अंगठा आपणहून गेला बटणावर.
एक, दोन, तीन,
चार.

मग उतरले.
वाऱ्याला पाठ करून एकेक डबा ओतला.
कुंपणापाशी एक काळी गाय येऊन बघत राहिली.
चौथा निम्मा उरला.

वहीत, त्याच्या शेवटच्या ओळीखाली, लिहिलं: साडेसतरा.
समोर काय लिहायचं
ते सुचलं नाही.