दोन ते तीन, दुसऱ्यांदा

व्हिएन्नाला जाणाऱ्या गाड्या मला तोंडपाठ आहेत.
लिन्झहून सुटलेली माइडलिंगला किती वाजता टेकते,
विमानतळाची कुठल्या फलाटावरून पकडायची,
सायकलीचं तिकीट वेगळं, कुत्र्याचं वेगळं,
आणि कुत्र्याला मुसकं हवं.
व्हिएन्ना मी पाहिलेलं नाही.
मी खराडीत बसते, सातव्या मजल्यावर,
कानांवर हेडफोन, अंगावर शाल,
कारण इथला एसी कोणाच्या बापाला कमी करता येत नाही.

जर्मन शिकले रानडेत, संध्याकाळच्या वर्गात.
पहिल्यांदा जीव रमला तो एवढ्यासाठी,
की त्यांचंही क्रियापद
कधीकधी आपल्यासारखं अगदी शेवटी येतं.
तोवर सगळं ऐकून घ्यावं लागतं:
सात नंबरवरून सुटणारी, लिन्झमार्गे जाणारी
सव्वानऊची गाडी आज
आणि मग
येणार. किंवा येणार नाही.
मधल्या त्या एका श्वासापुरते
लोक माझ्यावर विश्वास ठेवतात.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.
आपल्याकडे सकाळचे पावणेसात, तिकडे सव्वादोन,
त्या रात्रीतले दुसरे सव्वादोन.
फ्राउ पिख्लर नावाच्या बाईंचा फोन.
साल्झबुर्गला गाडी नुसती उभी आहे,
पंधरा मिनिटं झाली, डब्यात सगळे झोपलेत,
काही झालंय का?

काही झालेलं नाही, बाई.
आज घड्याळं मागे गेली.
गाडी वेळेआधी पोचू नये म्हणून थांबवून ठेवली आहे.
मार्चमध्ये तुमच्याकडून घेतलेला तास
आज परत देतायत.

बराच वेळ काही नाही. मग विचारलं,
मी काय करू त्याचं?

स्क्रीनवर याचं उत्तर नव्हतं.
परतावा होता, पर्यायी मार्ग होता,
हरवलेल्या छत्र्यांसाठी स्वतंत्र पान होतं.
मी म्हटलं, उतरा. फलाटावर थोडं चाला.
डब्यापासून फार लांब जाऊ नका.

दार सरकल्याचा आवाज आला, मग पावलं.
थंडी काही फोनमधून येत नाही,
तरी मी शाल ओढून घेतली.
तुम्हीही रात्रभर जाग्या? त्यांनी विचारलं.
हो म्हटलं. कुठे, ते सांगायची परवानगी नाही
आणि खोटं सांगायचीही नाही.
खाली नदीवर जलपर्णी उजळत होती,
पुलावर पाण्याच्या टँकरची रांग लागलेली.
फोन चार मिनिटांत संपवायचा असतो.
आम्ही अकरा मिनिटं चाललो.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं.
ते घोरपडीच्या फाटकावर होते, एकतीस वर्षं.
फाटक पडलं की अख्खी पेठ
त्यांच्या नावाने शंख करायची.
परीक्षा बुडाल्या, मुहूर्त टळले,
एकाने तर हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी उतरवली
आणि फाटक उघडल्यावर तोच आडवा.
त्यांनी फक्त वहीत लिहायचं:
बंद केलं इतक्याला, उघडलं इतक्याला, सही.

परत देतात? तास?
बटर चहात बुडवून त्यांनी तसंच धरलं, ते तुटून पडलं.
मग नोंद कोण ठेवतं? सही कुणाची?

मला माहीत नव्हतं.

त्यांनी वीजबिलाची मागची बाजू काढली.
दिवसाला धर चाळीस वेळा,
प्रत्येकी सात मिनिटं, रविवारी कमी,
दोन्ही बाजूंना मिळून शंभर माणसं, नको, दीडशे धर.
हातचे घेत, खोडत, पुन्हा घेत.
मला झोप येत होती. भांडी तशीच होती.
एक्क्याण्णव सालची एक रिक्षा
त्यांनी बेरजेत न धरता बाजूला लिहिली.
सत्तावीस मिनिटं, ते म्हणाले,
आधी दोन मालगाड्या, लगेच एक्सप्रेस,
मला काही करता येत नव्हतं,
आत एक बाळंतपणाची बाई होती, ती नंतर

आणि पेन हातात तसंच धरून
क्रियापदाशी थांबले.