ऑफ

रबाळ्याला आमच्या शिफ्टमध्ये
तांडेलमामांचा ऑफ मंगळवारी.
बुधवारी दिवाळ्याहून येत ते
डब्यात निवट्यांचं कालवण घेऊन,
आणि कंप्रेसर सुरू करण्याआधी
लाल बटणावरची अक्षरं
अंगठ्यानं पुसत,
तेलकट झालेली, तीनच.

काल त्यांच्या सुनेचा फोन.
“आमचे बाबा ऑफ झाले.”
मी म्हणालो, आज तर गुरुवार.

पलीकडे नुसता टीव्ही.
मग कुणीतरी म्हणालं,
“बंद कर गं तो.”

आज हजेरीपटावर
सुपरवायझरनं त्यांच्या नावापुढे
हात बसलेला म्हणून
तेच लिहिलं, एक ‘ऑ’.
खोडायला मी पेन मागून घेतलं.
त्या जागी काय लिहितात
कुणालाच ठाऊक नव्हतं.

राहू दे म्हटलं,
मंगळवारपर्यंत तरी.